नुसती ब्लू टिक, उत्तर नाही

मी समुपदेशक आहे. पावसाळा लागला की एक काळजी माझ्याकडे हमखास येते: घर गळतंय, पण मालकांना सांगितलं तर ‘घर सोडा’ म्हणतील. पुण्यात 11 महिन्यांच्या करारावर राहणाऱ्या कितीतरी तरुणांच्या मनात ही धास्ती असते.

स्नेहल (नाव बदललं आहे) मूळची लातूरची, नोकरी हिंजवडीत, भाड्याचा फ्लॅट कर्वेनगरला. बेडरूमच्या भिंतीला ओल, पोपडे सुटलेले, कपाटातल्या कपड्यांना बुरशी. माझ्याकडे आली ती मात्र झोप उडाली म्हणून.

“मालकांना काय कळवलंस?”

तिने मोबाइल पुढे केला. बरेच दिवस गप्प राहून मध्यरात्री पाठवलेला मेसेज: ‘तुम्हाला भाडं वेळेवर हवं, पण माणसं कशी राहतात याच्याशी घेणंदेणं नाही.’ कुठली भिंत, ओल कधीपासून, याचा त्यात पत्ताच नव्हता.

“ते काय म्हणाले?”

“काहीच नाही. नुसती ब्लू टिक.”

“आणि तू काय ऐकलंस?”

“पटत नसेल तर निघ.”

“हे कोण म्हणालं?”

ती बराच वेळ बोलली नाही. मग हळूच, “मीच.”

घटनेपेक्षा तिचा आपण लावलेला अर्थ जास्त छळतो, हा अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांचा विचार माझ्या कामाचा पाया आहे. तो एका शब्दात इतका लख्ख उमगलेला मी क्वचितच पाहिलाय. नेमक्या क्षणी तो प्रश्न विचारता आला, याचं मला समाधान आहे.

मग करार उघडून नोटिशीचं कलम वाचलं. एक महिन्याची लेखी नोटीस! भीती निम्मी तिथेच ओसरली. नवा मेसेज तिनेच लिहिला: ‘काका, बेडरूमच्या बाहेरच्या भिंतीला ओल आलीय, फोटो पाठवतेय. शनिवारी सकाळी मी घरी आहे. कुणाला पाठवता येईल का?’

संध्याकाळी काकांचा फोन आला. त्यांनी सोसायटीकडे अर्ज आधीच दिला होता. बाहेरच्या भिंतीतून झिरपणारं पावसाचं पाणी साधारणपणे सोसायटीच्या दुरुस्तीत येतं आणि त्यासाठी मालकालाच, सभासद म्हणून, पाठपुरावा करावा लागतो. हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

तुमच्याकडेही असंच काही असेल, तर राग साठण्याआधी कळवा. जागा, तारीख, फोटो आणि तुम्ही घरी असण्याची वेळ, एवढं पुरतं. प्लंबर स्वतः बोलावणार असाल, तर खर्चाचा आकडा आधी सांगून होकार मेसेजवरच घ्या. परस्पर भाड्यातून पैसे कापू नका. नवीन घरात जाल त्याच दिवशी भिंतींचे फोटो मालकांना पाठवून ठेवा, म्हणजे डिपॉझिट परत घेताना जुन्या डागांवरून वाद होणार नाही.