जुन्या अ‍ॅम्बेसेडरच्या डिकीत लांबच्या प्रवासासाठी कोणती हत्यारं आणि स्पेअर पार्ट ठेवावेत?

तुम्ही लिहिलंय की गाडी १९७७ची आहे, मे महिन्यात धुळ्याहून इंदूरला जायचंय, आणि गॅरेजवाल्याने तुमच्याच गाडीतून काढलेले जुने पार्ट 'राहू द्या, वाटेत कामी येतील' म्हणून पिशवीत भरून दिलेत. ती पिशवी आजच भंगारात द्या. बाकीचं नंतर बोलू.

इतकं ठासून सांगतोय, कारण अशाच पार्टांनी आम्हाला कन्नडच्या घाटात साडेचार तास बसवलंय. आमच्याकडे पिशवीऐवजी डालड्याचा डबा होता, एवढाच फरक.

मे १९९६. आप्पांची प्रीमियर पद्मिनी, म्हणजे बोलण्यातली फियाट. मावशीच्या मुलीचं लग्न, तेव्हाच्या औरंगाबादला, आणि आदल्या संध्याकाळी हळद. पहाटे पाचला निघायचं ठरलं होतं, निघालो दहाला. आप्पा, आई, वहिनी, मी, आणि गाडी चालवायला भाऊ. डिकीत रुखवताचा पितळी हंडा, बिबड्यांचे दोन पत्र्याचे डबे, गाद्या, बॅगा. आणि या सगळ्याच्या खाली हत्यारांची पेटी.

चाळीसगाव सोडलं, घाट लागला. दुसरा गिअर, पाच माणसं, वर भरलेली डिकी आणि डोक्यावर बाराचं ऊन. अर्ध्या घाटात गाडीने दोन-तीन झटके दिले, सायलेन्सरमधून एक फटाका वाजला आणि बंद.

भाऊ म्हणाला, "पंप तापला. पेट्रोलची वाफ झाली."

खानदेशात फियाट वापरलेल्या प्रत्येक माणसाला हे पाठ आहे. या गाड्यांचा पेट्रोलचा पंप इंजिनालाच बसवलेला असतो. इंजिन तापलं की पंप तापतो, आतल्या पेट्रोलची वाफ होते, आणि वाफ काही पंपाला पुढे ढकलता येत नाही. उपाय म्हणजे पंपावर ओलं फडकं. भाऊने फडकं टाकलं, अर्धा तास थांबलो, गाडी चालू झाली. किलोमीटरभर चढली आणि पुन्हा बंद. पुन्हा फडकं, पुन्हा अर्धा तास, पुन्हा तेच.

तिसऱ्या वेळी मी म्हणालो, ठिणगी बघू. ठिणगीचा करंट देणाऱ्या कॉइलची मधली वायर डिस्ट्रिब्युटरच्या, म्हणजे प्लगांना ठिणगी वाटून देणाऱ्या डबीच्या, झाकणातून काढली, टोक इंजिनाच्या लोखंडापासून अर्ध्या सेंटीमीटरवर धरलं आणि भाऊला सेल्फ मारायला सांगितलं. चांगली ठिणगी निळी, जाड असते आणि 'टक टक' वाजते. ही पिवळसर होती, शिवणाच्या दोऱ्यासारखी बारीक, आणि आवाज नाही. भाऊ म्हणाला, उन्हात ठिणगी अशीच दिसते. मी आईला आणि वहिनीला बोनेटवर गोधडी धरायला लावली, अंधार केला आणि पुन्हा दाखवली. पिवळीच. झाकण उघडलं तर पॉइंट, म्हणजे कॉइलचा करंट जोडणारे-तोडणारे दोन तुकडे, काळे पडलेले, एका बाजूला खड्डा आणि दुसऱ्या बाजूला टेंगूळ. पॉइंट जळू न देणारा कंडेन्सर गेल्याची याहून मोठी खूण नाही.

मग डिकी रिकामी करायची. हंडा, डबे, गाद्या, सगळं रस्त्याच्या कडेला चादरीवर मांडलं आणि तळातून डालड्याचा डबा निघाला. त्यात तीन कंडेन्सर. तिन्ही आप्पांनी वेळोवेळी बदललेले, 'असू दे, कामी येईल' म्हणून ठेवलेले. पहिला लावला, गाडी चालू झाली, दोन वळणांनी बंद. दुसऱ्याने चालूच झाली नाही. तिसरा पहिल्यासारखाच.

कंडेन्सर असतो अंगठ्याच्या पेराएवढा. खराब होतो तेव्हा तो एकदम मरत नाही. गार असताना काम देतो, तापला की सोडून देतो, निवला की पुन्हा देतो. म्हणून काढलेला कंडेन्सर गॅरेजच्या सावलीत तपासला तर चांगला वाटतो. आणि म्हणूनच ओल्या फडक्याने गाडी बरी झाल्यासारखी दिसते. त्या अर्ध्या तासात पंप जसा निवतो, तसा कंडेन्सरही निवतो.

खाली उतरणारा एक ट्रक थांबला. ड्रायव्हर आपल्याकडचाच. "काय व्हयनं भाऊ? बंद पडनी का गाडी?" त्याने मला पायथ्यापर्यंत सोडलं. तिथे एक मोटरसायकलवाला मिस्त्री होता. त्याच्याकडे फियाटचा कंडेन्सर नव्हता, पण राजदूतचा नवा होता. त्यानेच सांगितलं, की आत बसत नसेल तर बाहेर लाव: अंग इंजिनाच्या साफ लोखंडाला घट्ट आवळ आणि वायर कॉइलच्या 'सीबी' लिहिलेल्या टर्मिनलला जोड. आतला मात्र सोडव. वर येऊन तसंच केलं, होज पाइपच्या क्लिपने आवळला, पॉइंट पॉलिश पेपरने घासून आगपेटीच्या कागदाची घडी घालून गॅप धरला. पाच वाजता गाडी एका सेल्फला चालू झाली आणि थेट मावशीच्या दारात थांबली. हळद लागून गेली होती.

तेव्हापासून भाऊचं म्हणणं एकच: पाचला ऊन उतरलं, पंप निवला, म्हणून चालू झाली; राजदूतचा कंडेन्सर नुसता निमित्त. घरातल्या प्रत्येक लग्नात हे ऐकतो. म्हणून इथे लिहून ठेवतो. परत आल्यावर त्याच आठवड्यात, भर दुपारी, धुळ्याच्या अंगणात मी जुना कंडेन्सर परत लावला आणि गाडी उभ्या जागी चालू ठेवली. पंपावर पहिल्या मिनिटापासून ओलं फडकं, दर पाच मिनिटांनी वर पाणी. चाळीस मिनिटांनी बंद पडली. फडकं तेव्हाही थंडगार होतं. जागेवरच राजदूतचा जोडला, काहीही निवू न देता, आणि गाडी लगेच चालू. आप्पा ओट्यावर बसून बघत होते. भाऊ शेतात गेला होता. आप्पा एवढंच म्हणाले, "तो डबा टाकून दे." पुढे सात उन्हाळे तोच कंडेन्सर चालला आणि गाडी घाटात एकदाही थांबली नाही.

आता तुमचं. कंडेन्सर, पॉइंट, रोटर, कॉइल, पेट्रोल पंप, जे काही स्पेअर म्हणून घ्याल ते नवं आधी गाडीवर चढवा. दोन-तीनशे किलोमीटर चालवा, त्यातली काही दुपारची. मग ते उतरवून, तारीख लिहून ठेवा आणि आधीचं चालतं पुन्हा लावा. ज्या पार्टावर गाडी चाललेली नाही तो स्पेअर नव्हे, मग तो डबाबंद नवा असला तरी. फॅन बेल्ट आणि होज पाइप एकदा लावून माप बघितलं तरी पुरे.

पाने. मिस्त्री मिलिमीटरचा सेट देईल, तो घेऊ नका. तो आमच्या फियाटला चालतो. तुमच्या गाडीचे नट इंचाचे आहेत: सात-सोळांश, अर्धा, नऊ-सोळांश. अर्ध्या इंचाला तेरा नंबर लागल्यासारखा वाटतो, पण किंचित ढिला बसतो आणि तापलेल्या नटाचे कोपरे खाऊन टाकतो. इंचाचे रिंग आणि डबल पाने, प्लग पाना, पक्कड, दोन स्क्रू ड्रायव्हर, करंट येतो का बघायला बारा व्होल्टचा बल्ब दोन वायरी जोडून, काळी टेप, तांब्याची तार. एवढ्यात रस्त्यावरचं बहुतेक काम होतं. याहून जास्त हत्यार लागणारं काम रस्त्यावर करू नये, गाडी ओढून न्यावी.

जॅकबरोबर फूटभर लांब-रुंद जाड फळी हवीच. आपल्या काळ्या मातीच्या साइडपट्टीत जॅक गाडी उचलत नाही, स्वतःच खाली जातो. चाकांना लावायला दोन लाकडी ठोकळे. स्टेपनीची हवा निघण्याआधी मोजा.

आणि हत्यारं डिकीत ठेवूच नका. डिकी सामानाची असते, ती भरतेच. पाने कॅनव्हासच्या गुंडाळीत बांधून ड्रायव्हरच्या सीटखाली, इलेक्ट्रिकचे पार्ट वेगळ्या प्लास्टिकच्या डब्यात. डिकीत फक्त जॅक, फळी, स्टेपनी आणि पाण्याचा दहा लिटरचा कॅन, तोही कडेला, हात घातला की मिळेल असा. पेट्रोलचा कॅन मात्र नको, मे महिन्यात तर अजिबात नको.

काही गोष्टी राहिल्या. गाडीला नंतर इसुझू इंजिन बसवलेलं असेल तर इंजिनापुरतं पान्यांचं वरचं उलटं, तिथे मिलिमीटरच लागतील. पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन लावलं असेल तर कंडेन्सरचा प्रश्नच नाही. आणि पेट्रोलची वाफ होते हे खोटं नाही, पळासनेर सोडून सेंधव्याकडे चढताना तुमच्याही गाडीची होऊ शकते. माझं म्हणणं इतकंच की फडकं भिजवायच्या आधी ठिणगी बघा. निळी असेल तर खुशाल भिजवा. आता पेट्रोल भरतो तिथे इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं आणि जुन्या रबराला ते सोसत नाही, तेव्हा गाडीतल्या पंपाचा डायफ्राम, म्हणजे आतला पडदा, तोही बदलून घ्या.

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी दोनला गाडी अंगणात उन्हात चाळीस मिनिटं चालू ठेवा आणि मग ठिणगी बघा. पिवळी दिसली तर कंडेन्सर बदला आणि पुन्हा चाळीस मिनिटं. निळी दिसली तर पहाटे चारला निघा, म्हणजे ऊन चढायच्या आत सेंधवा मागे पडलेलं असेल.