साथीच्या काळात डॉक्टर जिवाच्या भीतीने रुग्ण नाकारू शकतो का?

साथ पसरलेली असताना स्वतःच्या किंवा घरच्यांच्या जिवाला धोका आहे म्हणून डॉक्टरने रुग्ण तपासण्यास नकार दिला, तर ते नैतिकदृष्ट्या चूक ठरते का, असे आपण विचारले आहे. मी स्वतः खासगी दवाखाना चालवणारा डॉक्टर असल्यामुळे माझे उत्तर थोडे आमच्या बाजूने झुकलेले असू शकते, हे गृहीत धरावे. तरीही माझे मत असे आहे की केवळ भीतीपोटी दिलेला नकार चूकच. साधने नसल्यामुळे किंवा तो आजार आपल्या आवाक्याबाहेरचा असल्यामुळे दिलेला नकार मात्र वेगळा.

आपल्याकडे डॉक्टरांच्या आचरणासंबंधीची २००२ ची नियमावली लागू आहे. (२०२३ मध्ये नवी नियमावली आली होती, पण ती महिन्याभरातच स्थगित झाली.) डॉक्टरवर प्रत्येक रुग्ण तपासण्याचे बंधन नाही, असे ही नियमावली एकीकडे मान्य करते आणि आपल्या अनुभवाच्या कक्षेबाहेरचा रुग्ण दुसऱ्या डॉक्टरकडे पाठवण्याची मुभाही देते. परंतु साथीविषयी ती स्पष्ट सांगते की आपल्याला लागण होईल या भीतीने डॉक्टरने कर्तव्य सोडू नये. अमेरिकन मेडिकल असोसिएशनची १८४७ ची आचारसंहिता तर याहून कडक होती. प्राण धोक्यात घालूनही काम चालू ठेवावे, असे तीत लिहिलेले होते.

ही अपेक्षा प्रत्यक्षात किती टिकते, हे १९९४ च्या सप्टेंबरमध्ये सुरतेत दिसले. फुप्फुसाच्या प्लेगची बातमी पसरताच लाखो लोकांनी शहर सोडले आणि त्यांच्याबरोबर अनेक खासगी डॉक्टरही दवाखाने बंद करून निघून गेले. प्लेगवर स्वस्त आणि गुणकारी प्रतिजैविके उपलब्ध होती, म्हणजे धोका आटोक्यात ठेवण्याचा उपाय डॉक्टरांच्या हातातच होता. तरीही सगळा भार सरकारी रुग्णालयांतल्या डॉक्टरांवर आणि परिचारिकांवर पडला. त्या वेळच्या पळापळीचे समर्थन मला करता येत नाही.

२०२० च्या एप्रिलमधली परिस्थिती मात्र तशी नव्हती. औषध नव्हते, लस नव्हती आणि आमच्यासारख्यांना पीपीई किट विकतही मिळत नव्हते. काही सहकारी रेनकोट घालून, पारदर्शक प्लास्टिक कापून केलेले फेस शील्ड लावून रुग्ण पाहत होते. तळमजल्यावरच्या, खिडकी नसलेल्या गाळ्यात बाकावर खोकणारे दहा जण शेजारी शेजारी बसवणे म्हणजे दवाखान्यातूनच साथ पसरवणे होते, आणि ज्या मधुमेही आजोबांना तिथे लागण झाली असती त्यांच्याबाबतही डॉक्टरचे कर्तव्य होतेच. तेव्हा कुणी रुग्णांना दाराबाहेर मोकळ्या हवेत तपासले, कुणी फोनवर सल्ला दिला. त्याला कर्तव्यच्युती म्हणता येणार नाही.

आणखी एक गोष्ट या प्रश्नात क्वचितच विचारली जाते. शासन ज्यांच्याकडून धोका पत्करण्याची अपेक्षा करते, त्यांचे ते काय देणे लागते? नवी मुंबई महापालिकेने मार्च २०२० अखेर खासगी दवाखाने उघडे ठेवण्यास बजावले आणि तसे न केल्यास कारवाईची तंबी दिली. पुढे मे महिन्यात राज्याच्या वैद्यकीय शिक्षण संचालनालयाने मुंबईतल्या खासगी डॉक्टरांना किमान १५ दिवस कोविड सेवा सक्तीची केली. दोन्ही आदेश मला तत्त्वतः मान्य आहेत. परंतु दवाखाना उघडा ठेवून कोविडने मृत्यू पावलेल्या खासगी डॉक्टरांच्या काही कुटुंबांना ५० लाखांच्या सरकारी विम्यासाठी न्यायालयाची पायरी चढावी लागली, कारण तुमची सेवा शासनाने मागितलीच नव्हती, असे त्यांना सांगण्यात आले. कर्तव्य लादताना खासगी डॉक्टर आपला आणि भरपाई देताना परका, हे काही पटण्यासारखे नाही.

नकार देणाऱ्या डॉक्टरचीही काही किमान बांधिलकी उरतेच. रुग्णाला धाप लागली आहे का हे पाहणे, ऑक्सिजनची पातळी मोजणे, कुठे जावे हे चिठ्ठीवर लिहून देणे आणि शक्य असल्यास तिथे फोन करणे, एवढे तरी त्याने केलेच पाहिजे. रुग्ण अत्यवस्थ असेल तर नकाराचा प्रश्नच उरत नाही. प्राण वाचवण्यासाठी तातडीची मदत देणे सरकारी व खासगी अशा दोन्ही डॉक्टरांवर बंधनकारक असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये परमानंद कटारा प्रकरणात स्पष्ट केले आहे. तसेच ज्या रुग्णावर आपले उपचार आधीच चालू आहेत, त्याला पूर्वसूचना न देता मध्येच सोडता येत नाही, मग साथ कितीही मोठी असो.