उशिरा येणाऱ्या रुग्णाचा हिशेब

चि. डॉक्टर,
अनेक आशीर्वाद.

सिंधुदुर्गातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू होऊन तुझा एक पावसाळा पार पडला. तू लिहितेस की लेप्टोचे (लेप्टोस्पायरोसिस या पावसाळी तापाचे) रुग्ण पाचव्या-सहाव्या दिवशी, डोळे पिवळे झाल्यावर आणि लघवी कमी झाल्यावर येतात, आणि याचे मूळ तुला लोकांच्या अज्ञानात दिसते. हे निदान मला मान्य नाही. आठवडा बाजारात सुकटीच्या वाट्यामागे दहा रुपयांसाठी घासाघीस करणारी बाई स्वतःच्या तापाचा हिशेब न मांडता घरी थांबत नाही. हिशेब तिने मांडलेला असतो आणि तिच्या परिस्थितीत तो बहुधा चुकीचाही नसतो. केसपेपरवर त्याला जागा नसल्यामुळे तो आपल्याला दिसत नाही, एवढेच.

भातलावणीचे दिवस घे. चिखळणी झाली की तरवा, म्हणजे भाताची रोपे, कोणासाठी थांबत नाही. माणसे मिळत नाहीत म्हणून त्या दोन-तीन आठवड्यांत वर्षातला सर्वांत चांगला रोज मिळतो, आणि दुसऱ्याच्या शेतात राबून झाल्यावर स्वतःचा तुकडाही लावायचा असतो. उंदरांच्या लघवीतून आलेले जंतू त्याच पाण्यात असतात, आणि पायाला चिखल्या झालेल्या, बोटांना कापलेले. ताप आला की पहिल्या दिवशी दुकानातली गोळी घेतली जाते आणि अंगावर इरले चढवून बाई पुन्हा शेतात उतरते. शासनाने 15 ऑगस्ट 2023 पासून आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत केले हे खरे, पण तुझ्यापर्यंत यायचे म्हणजे साकव ओलांडून डांबरी रस्त्याला लागायचे, दिवसातून दोनदा येणाऱ्या एसटीची वाट पाहायची किंवा रिक्षा ठरवायची, रोज बुडवायचा, आणि रक्ताचा रिपोर्ट उद्या मिळेल असे ऐकले की दुसरा खाडा. या सगळ्याची बेरीज साध्या तापासाठी करायला कोणीही धजावणार नाही, आणि पहिल्या तीन दिवसांत लेप्टो हा साध्या तापासारखाच दिसतो. पोटऱ्या दुखतात, डोळे लाल होतात. पण लावणीच्या दिवसांत पोटऱ्या कोणाच्या दुखत नाहीत?

प्रतिबंधक डॉक्सिसायक्लिनचेही तसेच आहे. आठवड्यातून एकदा 200 मिलिग्रॅम, हे परिपत्रकात वाचायला सोपे वाटते. आशाताई सकाळी गोळ्या वाटते, तेव्हा बाई कोरा चहा घेऊन शेताकडे निघालेली असते. रिकाम्या पोटी ही गोळी मळमळ आणते. बांधावर एकदा उलटी झाली की पुढच्या आठवड्याच्या गोळ्या फळीवरच्या डब्यात जाऊन पडतात, आणि तुझ्या नोंदवहीत मात्र वाटप शंभर टक्के दिसते. पुढच्या वर्षी या गोळ्या संध्याकाळी वाटून पाहा. रात्रीच्या भातानंतर, तांब्याभर पाण्यासोबत, आणि घेतल्यावर लगेच आडवे न होता. गरोदर बायकांना मात्र ही गोळी द्यायची नाही, हे आशाताईला पुन्हा एकदा बजावून सांग.

उन्हाळ्यात हीच गोष्ट वेगळ्या रूपात समोर येते. दोडामार्ग तालुक्यात 2016 मध्ये माकडतापाची साथ आली, तेव्हापासून या दिवसांत जंगलात जाऊ नका असे लोकांना सांगितले जाते. गोचिडींमुळे पसरणाऱ्या या तापाचा मोसम आणि काजू गोळा करण्याचा मोसम जवळजवळ एकच आहे, आणि चुलीला लागणारी लाकडेही त्याच रानातून आणायची असतात. ज्या घराचे वर्षाचे रोख उत्पन्न त्या दोन महिन्यांत येते, त्या घराला रान टाळायला सांगणे हा आरोग्य सल्ला नव्हे, असे माझे स्पष्ट मत आहे. अंगाला लावायचे तेल, पूर्ण बाह्यांचे कपडे, घरी आल्यावर गरम पाण्याने आंघोळ आणि माकड मेलेले दिसल्याबरोबर फोन, एवढे सांगितले तर ते निदान पाळता येते.

काजूवरून आठवले. तुझ्या हद्दीत काजूचे कारखाने आहेत. तिथे बी फोडणाऱ्या एखाद्या बाईचे हात टेबलावर ठेवून नीट पाहा. टरफलातल्या तेलाने कातडी भाजून काळी पडते, सोलून निघते आणि पुन्हा भाजते. राख किंवा एरंडेल चोळून त्या काम रेटत राहतात. बोटांच्या टोकांवरच्या रेषा इतक्या पुसलेल्या असतात की रेशन दुकानातल्या यंत्रावर अंगठा उमटत नाही, दुकानदार उद्या या म्हणतो आणि त्या हेलपाट्यात आणखी एक रोज जातो. तू तिला मलम देशील आणि ते द्यायलाच हवे. पण तिचे हिमोग्लोबिन कमी का भरते, याचे एक उत्तर त्या अंगठ्यातही आहे, आणि पुरवठा निरीक्षकाला त्याबद्दल दोन ओळी लिहिणे हे तुझ्या कामाबाहेरचे नाही.

हे विचार नवे नाहीत. 1848 साली प्रशियातल्या अप्पर सायलेशिया या गरीब प्रांतात टायफस या तापाची साथ पाहायला पाठवलेल्या रुडॉल्फ फिरखो या तरुण डॉक्टरने अहवालात औषधांपेक्षा शिक्षण, स्वराज्य आणि पोटभर अन्न यांचीच मागणी केली, आणि बर्लिनमधल्या त्याच्या वरिष्ठांना ती रुचली नाही. आपल्याकडे याचा भक्कम पुरावा अलीकडचा आहे. झारखंडमध्ये क्षयरुग्णांच्या घरातल्या माणसांना दरमहा धान्य देऊन झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष 2023 मध्ये प्रसिद्ध झाले. ज्या घरांतील सर्वांना शिधा मिळाला, तिथे नव्याने क्षय होण्याचे प्रमाण 39 टक्क्यांनी कमी झाले आणि संसर्गजन्य फुप्फुसाच्या क्षयाचे जवळजवळ निम्म्याने. मुंबईत एका खोलीत दाटीवाटीने राहणारा चाकरमानी खोकला घेऊन गावी येतो, तेव्हा त्याच्या थुंकीच्या तपासणीइतकेच त्याच्या घरातल्या तांदळाच्या डब्याकडेही लक्ष दे. क्षयरुग्णांना आहारासाठी पैसे देणाऱ्या नि-क्षय पोषण योजनेत पूर्वी महिन्याला 500 रुपये मिळत, नोव्हेंबर 2024 पासून 1000 मिळतात. ते बँक खात्यात खरोखर पोहोचले का, हे प्रत्येक भेटीत विचारावे लागते.

उलट दिशेचा, म्हणजे आजारातून गरिबीकडचा, प्रवास अधिक वेगाने होतो. देशाच्या एकूण आरोग्य खर्चातला लोकांनी स्वतःच्या खिशातून केलेला वाटा 2013-14 मध्ये 64.2 टक्के होता आणि 2021-22 मध्ये तो 39.4 टक्क्यांवर आला. ही मोठी सुधारणा आहे, हे मोकळेपणाने मान्य करू. तरीही कोकणातले घर आजारपणात कसे खचते ते पाहण्यासारखे आहे. आधी मंगळसूत्र सोनाराकडे जाते, मग बचत गटाचे कर्ज होते, आणि शेवटी आंब्याची कलमे चार-पाच वर्षांच्या कराराने व्यापाऱ्याला दिली जातात. माणूस बरा होऊन घरी येतो तेव्हा त्याच्या दारातली कलमे मोहरलेली असतात, पण तो मोहर त्याचा नसतो. महात्मा फुले जन आरोग्य योजना शस्त्रक्रियेचे पैसे भरते. रोजच्या रक्तदाबाच्या गोळ्या, सोबत आलेल्या माणसाचे जेवण आणि बुडालेला रोज तिच्यात बसत नाहीत. बाहेरून गोळ्या घेणारे पुष्कळजण म्हणूनच एक दिवसाआड घेतात, आणि विचारल्यावर "चालू आहेत" असेच सांगतात. महिनाभराच्या गोळ्या एकदम देत जा.

योजनेच्या यादीत ज्यांचे नावच नसते, त्यांच्याबद्दल थोडक्यात. बागांची राखण करणारे नेपाळी, ट्रॉलरवरचे परप्रांतीय खलाशी, आणि रायगडात गेलीस तर दिवाळीनंतर उचल घेऊन वीटभट्टीवर जाणारी कातकरी कुटुंबे. लसीकरणाच्या दिवशी ती पोरे वाडीवर नसतात. भट्ट्यांची यादी तलाठ्याकडून घे आणि नर्सबाईंना तिकडे पाठव.

हे वाचून आपल्या हातात काय उरते, असे तुला वाटू शकते. 1970 च्या दशकात महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्कर यांच्यासमोर विंचूदंशाचे रुग्ण येत. लाकडाच्या आणि पेंढ्याच्या गंजीत लाल विंचू राहतो आणि अनवाणी फिरणाऱ्या, जमिनीवर झोपणाऱ्या माणसाला तो डसतो. त्यांनी रुग्णांच्या उशाशी बसून पाहिले की दंशाने हृदयावर आघात होतो, आणि प्राझोसीन ही रक्तदाबाची स्वस्त गोळी वापरून मृत्यूचे प्रमाण फार खाली आणले. त्या उपायातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग हा, की तो तोंडाने घेता येतो आणि छोट्या केंद्रातही परवडतो. गरिबाच्या हिशेबात बसणारा उपाय शोधणे हेही विज्ञानच आहे.

शेवटी एक कामाची गोष्ट. गोव्यातल्या बांबोळीच्या किंवा कोल्हापूरच्या मोठ्या रुग्णालयात पाठवण्याची चिठ्ठी लिहिण्याआधी सोबत कोण जाणार, तो किती दिवस थांबू शकेल आणि मागे गुरांचे कोण करणार, हे विचारून घेत जा. चिठ्ठी खिशात ठेवून माणूस घरी का परततो, ते त्या उत्तरांतून कळते. 108 ची गाडी न्यायला येते, आणायला येत नाही. परतीच्या भाड्याची तजवीज ग्रामपंचायत करील, रुग्ण कल्याण समिती करील की गावातला एखादा गाडीवाला, ते आताच, पाऊस ओसरल्यावर, बैठक घेऊन ठरवून टाक. लावणी सुरू झाली की बैठकीला कोणी येणार नाही.

कळावे,
तुझा जुना शिक्षक