विमानाला रिव्हेट, टाकीला वेल्डिंग: असं का?

(वर्कशॉप, धातू आणि यंत्रांविषयी वाचकांचे प्रश्न. उत्तरं देणारे लेखक ओझर परिसरात विमानाच्या सुट्या भागांची तपासणी करत निवृत्त झाले.)

प्रश्न: मी नाशिकच्या अंबडला टीआयजी वेल्डर आहे (टंगस्टनच्या टोकावरच्या विजेच्या ठिणगीने धातू वितळवून जोडतो). दिंडोरीकडच्या वायनरींच्या स्टेनलेस टाक्या करतो, सांध्यातून थेंब गळत नाही. 17 ऑक्टोबर 2025 ला ओझरहून नाशिकमध्ये तयार झालेलं पहिलं तेजस मार्क-1ए लढाऊ विमान उडालं. त्याचे फोटो मोठे करून पाहिले तर अंगभर ठिपके. एवढ्या नव्या विमानाला अजून रिव्हेटच, म्हणजे ठोकून बसवलेले खिळेच? वेल्डिंग का करत नाहीत?

उत्तर: आधी तेजसचं सांगून टाकतो. त्याचं बाहेरचं आवरण बहुतांश कार्बन-फायबरचं आहे, म्हणजे तिथे वितळवायला धातूच नाही. तुम्हाला दिसले ते आवरण खालच्या सांगाड्याला धरून ठेवणारे फास्टनर (जोडणारे खिळे-बोल्ट). अशा जागी साधा ॲल्युमिनियमचा रिव्हेट चालत नाही. ओलावा मिळाला की कार्बनला टेकलेलं ॲल्युमिनियम गंजतं. म्हणून तिथे टायटॅनियम लागतं.

आता पत्र्याचं बोलू. ओझरचा कारखाना 1964 साली मिग-21 साठी उभा राहिला, आणि त्या पिढीच्या विमानांना पत्रा म्हणजे ॲल्युमिनियमच. जगभर यासाठी जो 2024 नावाचा मिश्रधातू वापरतात, त्यात चार टक्क्यांहून थोडं जास्त तांबं असतं. तो 495 अंशांच्या आसपास तापवून पाण्यात गार केला की तांबं आत अडकून राहतं, आणि पुढच्या काही दिवसांत त्याचे अतिसूक्ष्म पुंजके बनतात. पत्रा कडक होतो तो या पुंजक्यांमुळे. तुम्ही वेल्डिंगची टॉर्च लावली की सांध्यालगतच्या पट्ट्यात ते विरघळतात नाहीतर फुगून निकामी होतात, आणि पत्रा मऊ पडतो. शिवाय वितळलेला भाग गोठताना तडकायला बघतो, ते वेगळंच. तुमचा सांधा कितीही देखणा असो, मोडणार त्याच्या शेजारी. तुमच्या 304 स्टेनलेसची ताकद अशा पुंजक्यांवर उभी नसते, म्हणून टाकी निभावून नेते.

रिव्हेटमध्ये धातू तापतच नाही. भोक पाडायचं, कडेची बुरी (उरलेली धारदार कड) काढायची, मध्ये सीलंट, मग एकाने रिव्हेट ठोकणारी गन धरायची आणि पलीकडून दुसऱ्याने पोलादी ठोकळा दाबून धरायचा. रिव्हेटचं ठोकून झालेलं मागचं डोकं त्याच्या दांड्याच्या दीडपट रुंद आणि निम्मं उंच आलं की जमलं. 2024 चेच रिव्हेट असले तर ते भट्टीतून काढून गार केल्यावर थेट थंडपेटीत ठेवतात, नाहीतर वापरण्याआधीच कडक होतात. पेटीबाहेर काढला की दहा-वीस मिनिटांत ठोकून मोकळं व्हायचं. आणि मला, तपासणाऱ्याला, सगळ्यात आवडती गोष्ट: वाईट रिव्हेट नजरेला किंवा गेजला सापडतो आणि ड्रिलने काढून नवा घालता येतो. वेल्डच्या पोटातली भेग शोधायला एक्स-रे लागतो, आणि तोही कधी कधी चकवतो.

यावर एक वाट निघाली आहे. इंग्लंडच्या टीडब्ल्यूआय संस्थेत 1991 साली घर्षणाने ढवळून जोडण्याची पद्धत शोधली गेली. फिरती पिन धातू न वितळवता मऊ करते आणि कालवते. एक्लिप्स 500 या छोट्या जेटमध्ये तिने बऱ्याच रिव्हेटची जागा घेतली.

प्रश्न: घरची ॲल्युमिनियमची शिडी पायरीजवळ मोडली. वेल्ड करून घेऊ का? (पंचवटी)

उत्तर: नको. वर सांगितलेलाच प्रकार. भंगारात द्या.

प्रश्न: मी मेकॅनिकलची विद्यार्थिनी आहे. भेग भोकाच्या कडेलाच सुरू होते असं शिकवलंय. मग हजारो भोकं पाडणं शहाणपणाचं कसं? (कॉलेज रोड)

उत्तर: बरोबर शिकवलंय. 28 एप्रिल 1988 ला हवाई बेटांवर अलोहा एअरलाइन्सच्या बोइंग 737 चं छत उडत असताना फाटलं आणि एक हवाई सेविका बाहेर फेकली गेली. त्या विमानाची 89,680 उड्डाणं झाली होती. पत्र्यांमधला चिकटवलेला जोड सुटला, गंज शिरला, सगळा भार रिव्हेटवर आला आणि भोकाभोकाला बारीक भेगा पडून त्या एकमेकींना मिळाल्या. त्या आधीच्या तपासणीत सापडायला हव्या होत्या. एरवी रिव्हेटच्या जोडाचा फायदा असा, की एका पत्र्यातली भेग शिवणीपाशी आली तरी शेजारचा पत्रा वेगळाच असतो. सलग वेल्डमध्ये तिला अडवायला कोणी नसतं.

प्रश्न: (पुन्हा अंबडचेच वाचक) मग विमानाच्या कामात वेल्डरला जागाच नाही?

उत्तर: आहे की! इंजिनाचे भाग, नळ्या आणि टायटॅनियम. सुखोईच्या सांगाड्यात टायटॅनियमचे वेल्ड केलेले मोठे भाग आहेत. तुमचा टीआयजीचा हात तिथे उपयोगी पडेल, सवयी मात्र बदलाव्या लागतील. गरम टायटॅनियम हवेतला ऑक्सिजन आणि नायट्रोजन ओढून घेतं आणि ठिसूळ होतं. म्हणून टॉर्चच्या मागे आर्गॉन वायूची आणखी एक टोपी ओढत न्यायची, मागच्या बाजूलाही आर्गॉन सोडायचा, आर्क विझली तरी सांधा गार होईपर्यंत टॉर्च हलवायची नाही. सांधा भरणाऱ्या फिलर तारेचं गरम टोक गॅसबाहेर आलं तर तेवढं कापूनच पुढे जायचं. सांधा चांदीसारखा चकचकीत आला तर उत्तम, गवती पिवळा बहुधा चालतो. निळा दिसला की चौकशी सुरू, आणि राखाडी-पांढरी भुकटी आली तर थेट बाद.

कागदपत्रांत एडब्ल्यूएस डी17.1 किंवा आयएसओ 24394 (विमानकामातल्या वेल्डिंगची मानकं) विचारतील. धातूचा गट, पद्धत आणि सांध्याची पोझिशन (आडवा, उभा वगैरे) यांनुसार चाचणी होते, डोळेही तपासतात. तयारीसाठी पातळ पत्र्यांचे तुकडे रोज जोडा आणि वाकवून बघा. एक वायरब्रश फक्त टायटॅनियमसाठी वेगळा ठेवा, टाकीवर फिरवलेला त्याला लावू नका.