मसीहा, मशीहा, ख्रिस्त आणि जैतुणाचं तेल

प्रश्न असा आलाय की पेपरात "गरिबांचा मसीहा" वगैरे वाचतो तो मसीहा मुळात ज्यूंचा शब्द की ख्रिश्चनांचा, 'येशू ख्रिस्त' मधलं ख्रिस्त हे आडनाव आहे का, आणि दोन्ही धर्मांचा मसीहा एकच का.

आडनावाचं आधी उरकतो. आडनाव नाही, पदवी आहे. आणि मजा म्हणजे मसीहा आणि ख्रिस्त हा एकच शब्द आहे, दुसरा पहिल्याचं सरळसरळ भाषांतर. हिब्रूत म-श-ख असा धातू आहे, अर्थ तेल चोपडणे, माखणे, त्यावरून माशिआख म्हणजे ज्याला तेल माखलंय तो. ग्रीकमधे त्याच क्रियेला ख्रिओ म्हणतात, त्यावरून ख्रिस्तोस. बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानात पहिल्याच अध्यायात अंद्रिया हा शिष्य आपल्या भावाला सांगतो की आम्हाला मसीहा सापडला, आणि लिहिणारा तिथल्या तिथे खुलासा करतो, म्हणजे ख्रिस्त. ग्रीक वाचणाऱ्याला मूळ शब्द कळणार नाही म्हणून.

आता मराठीत हे कसं आणायचं? 'तेल लावलेला' म्हटलं असतं तर संपलंच, आपल्याकडे "गेला तेल लावत" काय अर्थाने म्हणतात ते सांगायला नको. म्हणून 'अभिषिक्त', आणि शब्द चपखल आहे कारण राज्याभिषेक आपल्याला माहीत आहे. फक्त अभिषेक म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर पिंडीवरची धार नाहीतर पंचामृत येतं, तिकडे मात्र तेल. तेही साधं नाही, बायबलच्या निर्गम पुस्तकात 30व्या अध्यायात चक्क कृती आहे: बोळ (एक सुगंधी डिंक) 500 शेकेल (जुनं वजन), दालचिनी 250, सुगंधी वेत 250, तज 500, आणि हीनभर (हेही जुनं माप) जैतुणाचं म्हणजे ऑलिव्हचं तेल. वर ताकीद, की असलं तेल घरी बनवून अंगाला लावायचं नाही.

हे तेल याजकांना (म्हणजे पुरोहितांना) आणि राजांना. म्हणजे सुरुवातीला 'माशिआख' हा कोणी एकमेव तारणारा नव्हताच, गादीवर बसलेला कुठलाही राजा माशिआख. इस्राएलचा राजा शौल, पुढे त्याच्या जागी राजा होणाऱ्या दाविदाच्या जिवावर उठलेला असतो, एन-गेदीच्या रानात एका गुहेत शौल एकटाच शिरतो, आत अंधारात दावीद माणसांसकट लपलेला. माणसं म्हणतात उडव आता. दावीद फक्त झग्याचं टोक कापतो आणि त्याचंही त्याला वाईट वाटतं, म्हणतो परमेश्वराच्या माशिआखवर मी हात कसा टाकू. बघा, हा शब्द इथे शौलासाठी आहे, ज्याचं राज्य जाणार हे ठरलेलं आहे त्याच्यासाठी! आणि यशया या संदेष्ट्याच्या पुस्तकात 45व्या अध्यायात तर पर्शियाचा राजा कोरेश (आपण इतिहासात सायरस शिकलो तो) यालाही माशिआख म्हटलंय. ना ज्यू, ना दाविदाच्या वंशातला. पण त्याने इ.स.पू. 539 मधे बाबेल (बॅबिलॉन) जिंकलं आणि तिथे नेलेल्या ज्यूंना घरी जाऊ दिलं.

त्याच्या आधी, इ.स.पू. 586 ला, याच बाबेलच्या हातून जेरुसलेम पडलं होतं, मंदिर जळालं, दाविदाची गादी गेली. राजाच उरला नाही म्हटल्यावर 'अभिषिक्त' हा शब्द हळूहळू भविष्यकाळात सरकला, असा राजा येईल. ज्यू आणि ख्रिश्चन दोघांचं समान जे काय आहे ते इथून सुरू होतं. तो देवाने पाठवलेला, दाविदाच्या वंशातला, त्याच्या राज्यात लांडगा कोकराजवळ राहील (यशया 11), मेलेले उठतील, न्याय होईल. गाढवावर बसून येणारा नम्र राजा जखऱ्या संदेष्ट्याने लिहिलाय, तो शुभवर्तमान लिहिणाऱ्या मत्तयाने येशूच्या जेरुसलेम प्रवेशाला लावला आणि तालमूद या ज्यूंच्या ग्रंथातल्या रब्बींनीही (धर्मगुरूंनीही) तो मसीहाबद्दलच वाचला, त्यांच्या मते लोक लायक असतील तर तो ढगांवरून येईल, नसतील तर गाढवावरून.

मसीहाच्या आधी एलिया हा जुना संदेष्टा परत येणार हेही दोघांना मान्य. ख्रिश्चन म्हणतात तो बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाच्या रूपाने येऊन गेला, ज्यू अजून वल्हांडण सणाच्या जेवणात त्याच्यासाठी पेला भरून ठेवतात. आणि हे काही परदेशातच आहे असं नाही हां, आपल्या कोकणातले ज्यू म्हणजे बेने इस्राएल, ज्यांना गावात शनवार तेली म्हणायचे, कारण शनिवारी त्यांचा घाणा बंद (तेल इथेही आलंच, पण घाण्याचं), ते एलियाहू हन्नाबीला, म्हणजे याच एलिया संदेष्ट्याला, फार मानतात. नवस फेडायला, लग्नाआधी मलिदा करतात, गोड पोहे, ओलं खोबरं, फळं. अलिबागजवळ खंडाळ्याला एका खडकावर त्याच्या रथाच्या खुणा दाखवतात. शब्बाथ (शनिवारचा विश्रांतीचा दिवस) संपताना ज्यू जे एलियाहूचं गाणं म्हणतात त्याची शेवटची ओळच आहे, तो लवकर येवो, दाविदाच्या वंशातल्या माशिआखला घेऊन.

म्हणजे फरक शब्दात नाहीये, फरक तो शब्द कोणाला लागला यात आहे. ख्रिश्चन म्हणतात येऊन गेला, तो येशू, देवाचा पुत्र, आणि परत येणार. ज्यू म्हणतात मंदिर उभं राहिलं नाही, युद्धं थांबली नाहीत, मग आला कसा? आणि त्यांचा मसीहा माणूसच, देव नव्हे. इ.स. 132 ते 135 मधे ज्यूंनी रोमविरुद्ध केलेल्या बंडात रब्बी अकिवाने बंडाचा नेता बार कोखबाला मसीहा म्हटलं, बंड चिरडलं गेलं, विषय संपला. 1666 मधे स्वतःला मसीहा म्हणवणाऱ्या शब्बताय झ्वीने तर तुर्की सुलतानासमोर धर्मच बदलला, मुसलमान झाला. तरी वाट बघणं दोन्हीकडे चालूच आहे, ख्रिश्चनांचं जुनं अरामी 'मारानाथा' म्हणजेही 'आमच्या प्रभू, ये'.

आता श की स. मूळ हिब्रूत श. ग्रीकमधे श नाहीच म्हणून मेसियास, अरबीत अशा जागी स येतो (शालोम पण सलाम, तसंच माशिआख पण मसीह). तिथून फारसी, उर्दू, हिंदी करत आपल्याकडे मसीहा. कुराणातही ईसा (म्हणजे येशू) हा मसीह आहे, आणि तो आजारी बरे करतो, मेलेले उठवतो, म्हणून फारसी-उर्दू शायरीत मसीहा म्हणजे बरं करणारा, जीव परत देणारा. पेपरातला "गरिबांचा मसीहा" या वाटेने आलाय, त्यात ना तेल आहे ना दावीद, नुसता 'तारणहार'. चूक आहे असं मी म्हणणार नाही, रुळलाय. पण धर्माबद्दल लिहिताना मशीहा किंवा अभिषिक्त लिहिलं तर घोळ कमी होतो.

आणि कोणी विचारायच्या आत सामान्यरूपाचं सांगून टाकतो: 'मसीह्याला' नको, 'मसीहाला' लिहा, काकाला, राजाला तसं. अनेकवचन अजून लागलेलं नाही मला, पण इतिहास बघता लागू शकतं, तेव्हाही मसीहाच ठेवा, मसीहे नको.