यजमानांच्या इंजेक्शनाविषयी

तुम्ही देवगडहून विचारले आहे की, इंग्लंडमध्ये नर्सची नोकरी मिळाली आहे, यजमानांना गौचर आजार आहे, म्हणजे एक विशिष्ट चरबी मोडणारे एन्झाइम जन्मतःच कमी आहे, तर दर पंधरवड्याला शिरेतून द्यायचे ते एन्झाइम त्यांना तिकडे मिळेल का. मिळेल. तुमच्या व्हिसावर आरोग्य अधिभार (इथली सरकारी आरोग्यसेवा वापरण्यासाठी व्हिसासोबत भरायची रक्कम) लागत नाही, ऑस्ट्रेलियात जसा उपचाराचा खर्च मोजून अर्ज नाकारता येतो तसे इथे नाही, हे सगळे एजंटाने सांगितलेच असेल. मी मूळचा वेंगुर्ल्याचा आणि त्याच आजाराचा, म्हणून उरलेले लिहितो.

कागद आधी नीट करून घ्या. माझी वाढलेली पाणथरी (प्लीहा) गावाकडे कित्येक वर्षे हिवतापाची म्हणून खपली, आणि निदान झाले तेव्हा हातात पडलेल्या अहवालात ‘गौचर’ एवढाच शब्द होता. एन्झाइमची पातळी नाही, जनुकाचा तपशील नाही. इथे तो कोणी मानला नाही, सगळ्या तपासण्या नव्याने झाल्या आणि त्यात पाच महिने गेले. त्या अहवालावर सही करणाऱ्याचा राग मला अजून येतो. यजमानांची दोन्ही तपासण्यांची मूळ पाने आणि आजवरच्या मात्रांच्या तारखा शिक्क्यासह आणा.

एकटेपणाचे विचारलेत. पहिला हिवाळा जड जातो, पुढे सवय होते.

खरे जड आहे ते वेगळेच. माझ्या धाकट्या बहिणीलाही हाच आजार आहे. व्हिसावर पत्नी आणि अल्पवयीन मुले येतात, तिशीतली बहीण येत नाही. ती कुडाळला तुतारी एक्सप्रेसमध्ये बसते, पहाटे दादरला उतरून परळचे केईएम गाठते, दिवसभर सलाईनवर राहून मध्यरात्रीच्या गाडीने परतते. माझ्याकडे नर्स घरी येते आणि स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसूनच माझे काम होते. दुर्मीळ आजारांच्या २०२१च्या धोरणातून तिला मदत मिळते, पण २०२२पासून वाढवलेली मर्यादाही ५० लाखांचीच आहे, आणि मात्रा वजनावर ठरत असल्यामुळे मोठ्या माणसाची ती रक्कम लहान मुलापेक्षा फार लवकर सरते. एकदा व्हिडिओ कॉलवर माझी बाटली उतरवताना पाहून ती म्हणाली, “दादा, एवढ्यात झालं?” तेव्हापासून माझ्या मात्रेच्या दिवशी मी फोन करीत नाही.

आई-वडील दोघेही वाहक असले, म्हणजे स्वतः आजारी नसून सदोष जनुक बाळगून असले, की प्रत्येक भावंडाला चारांत एक धोका असतो. माझे निदान झाले तेव्हाच डॉक्टरांनी बहिणीची तपासणी सुचवली होती. व्हिसा हातात येईपर्यंत मी तो विषय घरी काढला नाही. यजमानांना भावंडे असतील तर त्यांचे रक्त तुम्ही निघण्यापूर्वी तपासून घ्या, आणि अहवाल येईपर्यंत तिकीट काढू नका.