हाताने काढलेली आणि सॉफ्टवेअरने काढलेली क्वांटिटी जुळत नाही, कोणती धरू?

बांधकामाच्या एकाच पीडीएफ ड्रॉइंगवरून तुम्ही दोन्ही पद्धतींनी क्वांटिटी, म्हणजे कोणतं काम किती आहे त्याचं मोजमाप, काढलीत. स्लॅबचं क्षेत्रफळ जुळलं, वीटकाम सॉफ्टवेअरमध्ये ६ टक्क्यांच्या आसपास जास्त आलं आणि प्लास्टर मात्र कमी भरलं. आता बीओक्यूमध्ये (कामांच्या आणि त्यांच्या मोजमापांच्या यादीत) कोणता आकडा घालायचा, असा तुमचा प्रश्न आहे. मी रोज हेच काम करते, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

स्लॅब जुळला, ही तुमच्या प्रश्नातली सगळ्यात कामाची माहिती आहे. स्केल चुकली असती तर पहिला फटका क्षेत्रफळालाच बसला असता, आणि तोही वर्गाच्या पटीत: लांबीत २ टक्के फरक पडला की क्षेत्रफळात ४ टक्के. ए१ आकाराची शीट ए३ वर छापून स्कॅन केली की १:१०० चं ड्रॉइंग प्रत्यक्षात १:२०० होतं. शीर्षकातलं १:१०० तसंच धरलं तर क्षेत्रफळ चौथा हिस्साच येतं. तुमच्याकडे असं काही झालेलं नाही. म्हणजे स्केल बरोबर आहे, आणि फरक तुम्ही काय मोजलंत यातून आलाय.

वीटकामासाठी क्लिक कुठे केलंत ते बघा. समजा, खोली आतून ४ × ३ मीटर आहे आणि भिंत २३० मिमी. आतल्या कडेने रेघ ओढली तर लांबी १४.०० मीटर, सेंटर लाइनने (भिंतीच्या जाडीच्या मधोमध) १४.९२ आणि बाहेरच्या कडेने १५.८४. वीटकामाला १४.९२ हाच आकडा बरोबर, कारण बाहेरच्या कडेने गेलं की चारही कोपरे दोनदा धरले जातात. १५.८४ आणि १४.९२ मधला फरक साधारण ६ टक्के भरतो. तुमचा फरक इथूनच आला असावा असं मला वाटतं. कर्सर ड्रॉइंगवरच्या रेघेला आपोआप चिकटतो आणि सेंटर लाइन बहुतेक वेळा काढलेलीच नसते, त्यामुळे हात नकळत कडेवर जातो. सेंटर लाइनने मोजतानाही टी-जंक्शनला (एक भिंत दुसरीला मध्येच येऊन मिळते तिथे) आडव्या भिंतीची अर्धी जाडी वजा करावी लागते, ती विसरू नका.

प्लास्टरचं कारण वेगळं आहे. दार-खिडकी 'वजा' म्हणून आखली की सॉफ्टवेअर ती सरळ दोन्ही बाजूंनी वजा करतं. मोजमापाचे नियम तसं सांगत नाहीत. आयएस १२०० या मोजमापाच्या भारतीय मानकाप्रमाणे ०.५ चौरस मीटरपर्यंतचं (चौमी) ओपनिंग, म्हणजे दार-खिडकीची मोकळी जागा, वजाच करायचं नाही. ०.५ ते ३ चौमीचं असेल आणि दोन्ही बाजूंना सारखंच प्लास्टर असेल, तर एकाच बाजूने वजा करायचं, म्हणजे १ × २.१ मीटरचं दार फक्त एकदा. ३ चौमीच्या वर गेलं की दोन्ही बाजूंनी वजा, पण मग जॅम्ब, सॉफिट आणि सिल (ओपनिंगच्या आतल्या बाजूच्या, वरच्या आणि खालच्या कडा) मोजून वाढवायचे. हाताने काढताना तुम्ही हे सवयीने केलं असणार. ज्या करारात दुसरी मोजमाप पद्धत लागू असेल तिथे मर्यादा वेगळ्या असतात, म्हणून आधी करारातलं ते कलम वाचा.

तेव्हा सध्या वीटकाम आणि प्लास्टर दोन्ही हाताचेच आकडे धरा, पण सॉफ्टवेअर सोडू नका. आयटमचं नाव देतानाच नियम त्यात लिहून टाका: 'वीटकाम २३०, सेंटर लाइन, ओपनिंग वजा न करता'. ओपनिंगचा वेगळा आयटम करा आणि वजाबाकी हिशोबाच्या शीटमध्ये नियमाप्रमाणे करा. स्केल सेट करताना सगळ्यात लांब लिखित माप घ्या आणि मग आडवं एक, उभं एक माप तपासा, कारण स्कॅन केलेली शीट एकाच दिशेने ताणलेली असू शकते. त्याच शीटवर १:२० चा जिन्याचा डिटेल असेल तर त्याला स्वतंत्र स्केल द्या.

सळईसाठी मात्र या सॉफ्टवेअरमध्ये प्लॅनवर रेघा ओढत बसू नका. लॅप (दोन सळया एकमेकींवर येतात तो भाग), हुक (वाकवलेलं टोक), डेव्हलपमेंट लेंग्थ (पकडीसाठी काँक्रीटमध्ये ठेवायची लांबी) प्लॅनवर दिसतच नाहीत. बार बेंडिंग शेड्यूल (प्रत्येक सळईचा आकार, लांबी आणि संख्या यांचा तक्ता) करा आणि मिमीमधल्या व्यासाचा वर्ग भागिले १६२ या सूत्राने वजन काढा. १२ मिमीची सळई मीटरला ०.८९ किलो भरते.

सॉफ्टवेअरचा खरा फायदा रंगवलेल्या शीटमध्ये आहे. जे मोजलं त्यावर रंग चढतो, त्यामुळे राहून गेलेली भिंत पांढरी दिसते. कंत्राटदाराने आकड्यावर हरकत घेतली तर नेमकी कोणती भिंत कुठून कुठपर्यंत धरली ते त्याला दाखवता येतं. हाताच्या हिशोबात अशा वेळी कागद उपसत बसावं लागतं. रिव्हिजन आली की जुनी आणि नवी शीट एकमेकांवर ठेवून बदललेला भाग शोधा आणि तेवढाच पुन्हा मोजा. ड्रॉइंगचा रिव्हिजन नंबर आयटमच्या नावातच टाकून ठेवलात तर कोणता आकडा कोणत्या शीटवरचा, हा घोळ होणार नाही.

बाहेरच्या भिंतींची लांबी सेंटर लाइनने पुन्हा काढून बघा. तरीही फरक राहिला तर त्या शीटवरची दोन-तीन मापं इथे लिहा, मी तपासून सांगते.